रॉबर्ट हॉर्टन
रॉबर्ट एल्मर हॉर्टन (१८ मे, १८७५ : पार्मा, मिशिगन, अमेरिका - २२ एप्रिल, १९४५ : व्हूर्हीसव्हिल, न्यू यॉर्क, अमेरिका) हे अमेरिकन स्थापत्य अभियंते व जलवैज्ञानिक होते. पडलेल्या पावसापैकी जमिनीत किती मुरते व नदीपर्यंत किती पोहोचते, हा प्रश्न त्यांनी संपूर्ण पाणलोट क्षेत्राच्या पातळीवर मोजमापाच्या कक्षेत आणला. आधुनिक जलविज्ञानाच्या संस्थापकांमध्ये त्यांची गणना होते.

जीवन

हॉर्टन यांनी १८९७ साली मिशिगनमधील ॲल्बियन कॉलेजातून पदवी घेतली. त्यानंतर त्यांनी नात्यातील ज्येष्ठ अभियंते जॉर्ज राफ्टर यांच्या हाताखाली उमेदवारी केली. राफ्टर यांनी बांधांवरून वाहणाऱ्या पाण्याच्या मोजणीचे प्रयोग करवून घेतले होते; त्यांच्या निष्कर्षांची जुळणी व आलेखन हॉर्टन यांच्याकडे आले. १९०० साली ते युनायटेड स्टेट्स जिऑलॉजिकल सर्व्हे या संस्थेत न्यू यॉर्क विभागाचे अभियंता झाले. बांधांवरील प्रयोग, गुणांक व सूत्रे यांचा त्यांनी केलेला संग्रह या संस्थेने १९०७ साली प्रसिद्ध केला.

पुढे त्यांनी सल्लागार अभियंता म्हणून काम केले आणि ऑल्बनी शहराजवळच्या व्हूर्हीसव्हिल येथे स्वतःची जलविज्ञान प्रयोगशाळा चालवली. बाष्पीभवन, बर्फ वितळणे, झाडांच्या पानाफांद्यांवर अडकून राहणारा पाऊस अशा अनेक विषयांवर त्यांनी लिहिले. त्यांपैकी झाडांवर अडकणाऱ्या पावसावरील त्यांचा १९१९ चा लेख विशेष प्रसिद्ध आहे.

मुरण्याचा सिद्धान्त

हॉर्टन यांच्या आधी पूर काढण्याची प्रचलित रीत म्हणजे पावसाला एका ठरावीक गुणांकाने गुणणे. ही रीत सोपी असली तरी एकाच शेतात कोरड्या दिवशी आणि भिजलेल्या दिवशी वेगळे उत्तर का येते, हे तिला सांगता येत नसे. हॉर्टन यांनी १९३३ साली मांडलेल्या विचारानुसार जमिनीला पाणी मुरवण्याची एक कमाल क्षमता असते. पाऊस तिच्यापेक्षा कमी तीव्रतेने पडला तर तो सगळा मुरतो. अधिक तीव्रतेने पडला तर वरचा भाग उतारावरून वाहू लागतो. उदाहरणार्थ, क्षमता ताशी २० मिमी व पाऊस ताशी ३० मिमी असेल, तर ताशी १० मिमी पाणी वाहण्यास उपलब्ध होते. या प्रवाहास आज हॉर्टनीय पृष्ठवाह म्हणतात.

ही क्षमता पाऊस सुरू असताना बदलते. सुरुवातीला ती जास्त असते, मग झपाट्याने घटते आणि अखेरीस एका जवळपास स्थिर मूल्यावर येते. या घटीसाठी त्यांनी दिलेले घातांकी समीकरण तीन प्राचलांचे आहे: आरंभीची क्षमता, अखेरची क्षमता आणि घटीचा वेग. ते आजही अनेक संगणकीय प्रतिमानांत वापरले जाते.

प्रतिमान वापरताना हॉर्टन यांचे नाव सर्वाधिक वादात येते ते याच ठिकाणी. उघड्या, तुडवलेल्या किंवा नांगरून दबलेल्या जमिनीवर मुसळधार पावसात त्यांची यंत्रणा खरी ठरते. दमट हवेतील जंगलात मात्र माती इतकी सच्छिद्र असते की पावसाची तीव्रता तिच्या क्षमतेच्या वर क्वचितच जाते. असे असूनही तेथील ओढे फुगतात. ॲपलाचियन पर्वतातील कवीटा येथील कामाच्या आधारे हेवलेट व हिबर्ट यांनी १९६७ साली, तर व्हरमाँटमधील निरीक्षणांवरून डन व ब्लॅक यांनी १९७० साली दाखवले की तेथे पाणी मुख्यतः जमिनीखालून येते, किंवा ओढ्यालगतच्या आधीच भिजून संपृक्त झालेल्या पट्ट्यातून वाहते. हा पट्टा पावसाबरोबर रुंदावतो आणि नंतर आकसतो.

व्यवहारात अडचण अशी की दोन्ही कल्पनांवर आधारलेली प्रतिमाने प्राचले जुळवून एकच जलालेख काढू शकतात. नदीच्या मुखाशी आकडे जुळले, एवढ्यावरून आत काय घडते ते कळत नाही. उताराच्या माथ्यावर समतल चर खणावेत की ओढ्याकाठचा पट्टा राखावा, हा निर्णय मात्र नेमक्या त्याच गोष्टीवर अवलंबून असतो.

या गोंधळाचा दोष हॉर्टन यांच्यावर किती टाकावा, हा प्रश्न आहे. कीथ बेव्हन यांनी त्यांची अप्रकाशित कागदपत्रे तपासून २००४ साली दाखवले की त्यांचे आकलन पाठ्यपुस्तकांतील समीकरणापेक्षा बरेच समृद्ध होते. थेंबांच्या माऱ्याने पृष्ठभाग दबणे, उन्हाने पडणाऱ्या भेगा, गांडुळांची बिळे, मातीतील हवेला बाहेर पडण्याची वाट या सगळ्यांचा त्यांनी विचार केला होता. क्षमता घटण्याचे कारण त्यांच्या मते मुख्यतः पृष्ठभागावरच होते. गंमत म्हणजे, खुद्द त्यांच्या प्रयोगशाळेच्या परिसरात असा पृष्ठवाह क्वचितच घडत असावा, असे बेव्हन यांच्या विश्लेषणातून दिसते.

नदीखोऱ्याची मोजणी

१९३२ साली हॉर्टन यांनी जलप्रवाह-घनता ही कल्पना मांडली: खोऱ्यातील सर्व प्रवाहांची एकूण लांबी भागिले खोऱ्याचे क्षेत्रफळ. ५० चौरस किमीच्या खोऱ्यात १०० किमी लांबीचे प्रवाह असतील तर घनता २ येते. तिच्या व्यस्ताच्या निम्म्याइतके, म्हणजे येथे सुमारे पाव किमी, अंतर पाण्याला ओढा गाठण्यापूर्वी उतारावरून कापावे लागते.

युरोपात मुख्य नदीला पहिला क्रमांक देण्याची पद्धत होती. हॉर्टन यांनी ती उलटवली आणि ज्यांना एकही उपप्रवाह नाही अशा टोकाच्या ओहोळांना पहिली श्रेणी दिली. श्रेणी वाढते तशी प्रवाहांची संख्या गुणोत्तराने घटते व सरासरी लांबी गुणोत्तराने वाढते, हे त्यांचे नियम होत. आर्थर स्ट्रालर यांनी नंतर ही पद्धत सुटसुटीत केली. भारतात भूगोलाचे विद्यार्थी स्थलनिर्देशक नकाशांवर बहुधा स्ट्रालर यांच्याच रीतीने श्रेणी मोजतात. जेम्स किर्चनर यांनी १९९३ साली दाखवले की हे नियम जवळपास कोणत्याही प्रवाहजाळ्याला लागू पडतात. त्यामुळे ते जुळले म्हणून प्रवाहांच्या जडणघडणीबद्दल फारसे सिद्ध होत नाही.

प्रवाह व खोऱ्यांच्या क्षरणजन्य विकासावरील हॉर्टन यांचा जवळजवळ शंभर पानांचा निबंध मार्च १९४५ मध्ये जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकाच्या नियतकालिकात आला. पुढच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. अमेरिकन जिओफिजिकल युनियन ही संस्था जलविज्ञानातील कार्यासाठी त्यांच्या नावाने पदक देते.