डॉक्टर रुस्तम जाल वकील

लूकाच्या शुभवर्तमानांत, चवदाव्या अध्यायाच्या आरंभीं, जलोदरानें पीडलेला एक मनुष्य प्रभूसमोर येऊन उभा राहतो. शास्त्री व परूशी शब्बाथाचा वाद मनांत घोळवीत असतां प्रभु त्यास बरें करून लावून देतो, आणि लूक पुढील गोष्टीकडे वळतो. पौलानें आपल्या पत्रांत लूकास वैद्य म्हटलें आहे, तेव्हां रोगाचें नांव त्यानें विचार करूनच घातलें असावें. अंगांत पाणी सांचणें, पाय सुजणें, चार पायऱ्या चढतां दम लागणें, रात्रीं उताणें निजतां न येणें, या लक्षणांमागें पुष्कळ वेळां हृदयाचा अशक्तपणा असतो. हृदय थांबलेलें नसतें. तें चालूच असतें, परंतु शरीरास पुरेल इतकें रक्त पुढें ढकलण्याचें त्याचें बळ ओसरलेलें असतें, व त्यामुळें पाणी फुप्फुसांत आणि पायांत उतरतें. डॉक्टर लोक यास हार्ट फेल्युअर म्हणतात.

आमच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर, जिल्ह्यांत असा रोगी ज्या घरीं झाला नाहीं, असें घराणें विरळा. रोग्यास गाडींत घालून रुग्णालयांत नेतात, पाठीशीं उशा देऊन बसवितात, लघवीवाटे पाणी उतरविणारें औषध देतात. सूज ओसरते, घरचीं माणसें आनंदानें त्यास परत आणतात, आणि कित्येकांस थोड्याच महिन्यांनीं पुन्हां त्याच वाटेनें जावें लागतें. याचें एक मोठें कारण वाढलेला रक्तदाब. दाब वर्षानुवर्षें चढलेला राहिला म्हणजे हृदयास दर ठोक्याला चढणीवरची गाडी ओढावी लागते. प्रथम त्याची भिंत जाड होते, मग तें थकतें. या चढणीचा उतार करूं पाहणारा एक डॉक्टर आपल्याच मुंबईंत होऊन गेला. त्याचें चरित्र यंदाच्या अंकासाठीं आम्ही निवडलें आहे.

त्यांच्यापूर्वीं दीडशें वर्षें इंग्लंडांत विल्यम विदरिंग नांवाचा डॉक्टर होऊन गेला. एका वृद्ध स्त्रीच्या घरगुती काढ्यानें जलोदराचे रोगी बरे होतात असें त्याच्या कानीं आलें. काढ्यांत वीसांहून अधिक वनस्पति होत्या. त्यांतील गुणकारी ती एकच, डिजिटॅलिस, हें त्यानें ओळखलें, दहा वर्षें ती रोग्यांस बेतानें देऊन पाहिली, आणि १७८५ सालीं यश व अपयश दोन्हीं लिहून ग्रंथ प्रसिद्ध केला. या औषधानें थकलेल्या हृदयास जोर येतो. पण ओढावयाचें ओझें तेवढेंच राहतें. तें हलकें करण्याचा खात्रीचा उपाय पुढें बराच काळ कोणास ठाऊक नव्हता.

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ सालीं मुंबईस एका पारशी कुटुंबांत झाला. वैद्यकाचें शिक्षण त्यांनीं लंडनांत घेतलें. तेथें राहून उत्तम व्यवसाय करितां आला असता, परंतु ते स्वदेशीं परत आले व परळच्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयांत, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेल्या के. ई. एम. मध्यें, काम करूं लागले. परळ म्हणजे तेव्हां गिरण्यांची वस्ती. कोंकणांतून व घाटावरून, आमच्या जिल्ह्यांतूनही, पोट भरावयास गेलेलीं माणसें तेथें दाटीनें राहत. त्यांतला कोणी आजारी पडला तर औषधासाठीं त्याची धांव बहुधा याच रुग्णालयाकडे असे.

त्या काळीं वाढलेल्या रक्तदाबावर उपाय म्हणजे काय होते तें विद्यार्थ्यांनीं ऐकून ठेवावें. विश्रांति घ्या, मीठ सोडा, येथून प्रारंभ. अमेरिकेंत एका डॉक्टरानें रोग्यांस केवळ भात, फळें व साखर यांवर महिनोन्महिने ठेवण्याची पद्धत काढली होती. ती गुणकारी असली तरी फार थोड्यांच्या हातून पाळली जाई. दुसरे डॉक्टर पाठीकडून शस्त्र घालून मज्जातंतूच कापीत. थायोसायनेट नांवाचें एक औषध होतें, त्यानें कधीं दाब उतरे, तर कधीं रोग्यास विषबाधा होई. (मिठासंबंधीं जातां जातां सांगतों: आपल्याकडे भाकरीवर ठेचा, जोडीला पापड व लोणचें, एवढें झाल्याशिवाय जेवण झालेंसें वाटत नाहीं. तेव्हां मीठ सोडा हा उपदेश आमच्या घरांत काय मोलाचा ठरतो, तें आईबापांस सांगणें नको.)

हे उपाय किती तोकडे होते, याची साक्ष एका मोठ्या मनुष्याच्या मरणानें पटते. १९४४ सालच्या मार्चांत अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांस आरमारी रुग्णालयांत तपासलें तेव्हां त्यांचा दाब १८६ वर १०८ असून हृदय हरूं लागलें आहे असें दिसून आलें. त्यांस विदरिंगचें तें जुनें औषध दिलें, मीठ कमी केलें, कामाचे तास कमी केले. हृदयास कांहीं आराम पडला, पण दाब चढतच राहिला. १२ एप्रिल १९४५ रोजीं मेंदूंत रक्तस्राव होऊन ते वारले. त्या वेळीं दाब ३०० वर १९० होता. जगांतील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या अध्यक्षासाठीं त्याच्या डॉक्टरांजवळ याहून चांगलें औषध नव्हतें. आणि त्याच वेळीं हिंदुस्थानांतील डॉक्टर एका मुळीच्या गोळ्या आपल्या रोग्यांस देत होते.

ती मुळी सर्पगंधेची. हें लहान झुडूप ओलसर रानांत वाढतें. वेड व अनिद्रा यांवर, तसेंच सर्पदंशावर, वैदू व वैद्य ती पूर्वापार देत आले. १९३१ सालीं कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं ही मुळी वेडावर व वाढलेल्या रक्तदाबावर चालते असें छापून सांगितलें. त्याच साली दिल्लींत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनीं तिच्यांतून शुद्ध द्रव्यें वेगळीं केलीं. तेव्हां सर्पगंधेचा गुण वकिलांनीं प्रथम शोधिला असें कोणी म्हणेल तर तें खरें नव्हे, आणि वकिलांनींही तसा दावा केला नाहीं. मग त्यांचें श्रेय कोणतें? गुण ठाऊक असलेली वस्तु जगास मान्य होईल अशा रीतीनें पारखून दाखविणें, हें त्यांचें श्रेय. आमच्या मतें हें काम शोधाहून कमी प्रतीचें नाहीं. त्यास चिकाटी मात्र अधिक लागते.

वकिलांनीं ही मुळी सुमारें दहा वर्षें आपल्या रोग्यांस देऊन पाहिली. मग वाढलेल्या दाबाचे ५० रोगी निवडून, औषध देण्यापूर्वीं व दिल्यावर त्यांचा दाब मोजून, तो किती उतरला व औषधाचा त्रास कोणास काय झाला याची नोंद त्यांनीं ठेविली. चार आठवड्यांत दर पांच रोग्यांमागें चौघांहून अधिकांचा दाब कमी झाला. कोणाचा थोडा, कोणाचा पुष्कळ. हा निबंध १९४९ सालीं लंडनच्या हृदयविषयक मासिकांत, ब्रिटिश हार्ट जर्नलमध्यें, आला. इतकीं वर्षें हिंदी नियतकालिकांत जें छापलें जात होतें त्याकडे पश्चिमेनें पाहिलेंही नव्हतें. आतां बोस्टनच्या डॉक्टरांनीं मुळी मागवून स्वतः प्रयोग केले. १९५२ सालीं स्वित्झर्लंडांतील बाझेल येथें तिच्यांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें गेलें, व कांहीं वर्षांतच तें जगभर रक्तदाबाचें मुख्य औषध झालें.

आजच्या कसोटीवर पाहतां त्या निबंधांत एक उणीव दिसते. औषध न मिळालेल्या रोग्यांची तुलना त्यांत नव्हती, त्यामुळें केवळ विश्रांतीनें व डॉक्टरावरील विश्वासानें दाब किती उतरला असता हें कळत नाहीं. मुळींतही दोष होता. मात्रा अधिक झाली कीं कित्येकांचें मन खिन्न होई, व पुढें अधिक चांगलीं औषधें निघाल्यावर रेसर्पिन मागें पडलें. शिवाय मागणी वाढतांच रानांतून मुळ्या इतक्या उपटल्या गेल्या कीं आज सर्पगंधेच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत. चरित्रनायकाची बाजू राखावी म्हणून या गोष्टी झांकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

वकील एवढ्यावर थांबले नाहींत. छातींत वारंवार कळ येते, पण हृदयाचा झटका अद्याप आलेला नाहीं, अशा मधल्या अवस्थेंतील रोग्यांकडे त्यांचें लक्ष गेलें. १९६१ व १९६४ सालीं अमेरिकन मासिकांत त्यांनीं यांविषयीं निबंध लिहिले. रक्त गोठूं न देणारें औषध मिळालेले व न मिळालेले असे दोन्हीं प्रकारचे रोगी त्यांनीं येथें शेजारीं ठेवून पाहिले, व औषध मिळालेल्यांत मृत्यु कमी आढळले. पहिल्या निबंधांतील उणीव त्यांनीं अशी आपल्याच हातानें भरून काढिली. १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक व १९५८ सालीं पद्मभूषण हे मान त्यांस मिळाले होते.

परंतु ज्या प्रश्नापासून आपण निघालों त्याचें उत्तर १९७० सालीं आलें. अमेरिकेंतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत डॉक्टर एडवर्ड फ्राइस यांनीं वाढलेल्या दाबाच्या ३८० पुरुषांचे दोन गट केले. एका गटास तीन औषधें एकत्र दिलीं, त्यांत एक रेसर्पिन. दुसऱ्यास दिसण्यांत तशाच पण निर्गुण गोळ्या. कोणास काय मिळतें हें रोग्यांस ठाऊक नव्हतें. कांहीं वर्षांनीं मोजणी झाली तेव्हां निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांत ११ जणांचीं हृदयें हरलीं होतीं. औषध घेणाऱ्यांत एकाचेंही नाहीं.

हृदय हरून रुग्णालयांत आलेल्यांसाठींही आज अशीच मोजणी चालू आहे. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत चवदा देशांतील १,०७८ रोगी होते. अर्ध्यांस रुग्णालयांतून निघाल्यावर नेहमींच्या बेतानें औषधें दिलीं. बाकीच्यांस वारंवार तपासून दोन आठवड्यांतच पूर्ण मात्रेवर आणलें. सहा महिन्यांत पहिल्या गटांतील शंभरांमागें सुमारें २३ जण वारले किंवा हृदयाच्या त्याच दुखण्यानें पुन्हां दाखल झाले, दुसऱ्यांतील सुमारें १५. म्हणून घरीं परत आणलेल्या आजोबांस पहिल्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे पुन्हां नेणें, सूज नाहीं म्हणून गोळ्या बंद न करणें, एवढें तरी आमच्या वाचकांच्या हातीं आहे.

फ्राइस यांच्या निकालानंतर चार वर्षांनीं, १९७४ सालीं, वयाच्या ६४ व्या वर्षीं डॉक्टर वकील निवर्तले. हिंदी डॉक्टरांच्या संस्थेसाठीं त्यांनीं वैद्यकशास्त्राचें एक पाठ्यपुस्तक संपादिलें होतें. १९६९ सालीं निघालेल्या त्या ग्रंथाच्या नव्या आवृत्त्या अजून निघतात, व आमच्या शाळेंतून जीं मुलें-मुली पुढें वैद्यकीय महाविद्यालयांत जातील, त्यांच्या टेबलावर तो ग्रंथ असेल.