बालनट जॅकी कूगन

लहानपणीं शिवलेला अंगरखा मोठेपणीं अंगास येत नाहीं, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु लहानपणीं मिळालेली कीर्तिही त्या अंगरख्याप्रमाणेंच दिवसेंदिवस आखूड होत जाते, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. आणि त्या अंगरख्याच्या खिशांत जर कांहीं द्रव्य असेल, तर तें कोणाचें समजावें? मुलाचें, कीं त्यास अंगरखा घालणाऱ्या आईबापांचें? ज्या नटाचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों, त्याच्या सबंध आयुष्यावर या एका प्रश्नाची छाया पडलेली आहे.

जॅकी कूगन याचें पूर्ण नांव जॉन लेस्ली कूगन. त्याचा जन्म २६ ऑक्टोबर १९१४ रोजीं अमेरिकेंतील लॉस एंजल्स शहरीं झाला. त्याचे वडील विनोदी व नाचगाण्याच्या खेळांत काम करणारे नट होते व आईही रंगभूमीवर वावरलेली होती. त्यामुळें बोबडे बोल बोलण्याच्या वयांतच जॅकीस रंगभूमीची ओळख झाली. १९१९ सालीं ऑर्फियम नाटकगृहांत बापाच्या खेळांत हा चिमुकला मुलगा नाचतांना प्रसिद्ध विनोदी नट चार्ली चॅप्लिन याच्या दृष्टीस पडला. त्याच वर्षीं चॅप्लिनचें पहिलें अपत्य जन्मल्यावर तीनच दिवसांनीं वारलें होतें. त्या दुःखांतून बाहेर पडत असतांना एक बाप व एक मूल यांची कथा त्याच्या मनांत घोळूं लागली, आणि त्या मुलाच्या कामासाठीं त्यानें जॅकीची निवड केली.

१९२१ सालीं ‘दि किड’ हा मूकपट प्रसिद्ध झाला. टाकून दिलेलें एक अर्भक एका कफल्लक भटक्यास सांपडतें व तो तें आपल्या मोडक्या खोलींत वाढवितो. मुलगा पांच वर्षांचा झाल्यावर बापाच्या धंद्यास हातभार लावूं लागतो. तो असा कीं, मुलानें पुढें जाऊन दगडांनीं लोकांच्या खिडक्यांच्या कांचा फोडाव्या, आणि मागून कांचा बसविणाऱ्या बापानें साळसूदपणें तेथें येऊन उभें राहावें! पुढें अनाथाश्रमाचे अधिकारी मुलास ओढून नेतात. त्या वेळीं बापाकडे परत जाण्यासाठीं हात पसरून तो जो आकांत करतो, तो पाहून देशोदेशींच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांस पाणी आलें. मूकपटास भाषेची अडचण नसते. त्यामुळें हा एवढासा मुलगा पाहतां पाहतां सर्व जगाच्या ओळखीचा झाला.

या रडण्याची हकीकत चॅप्लिननें १९६४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत दिली आहे. खेळकर जॅकी कांहीं केल्या रडेना. तेव्हां बापानें त्यास दम दिला कीं, तो रडला नाहीं, तर त्यास येथून नेऊन खरोखरीच्याच अनाथगृहांत टाकण्यांत येईल. मूल हंबरडा फोडून रडूं लागलें आणि दृश्य टिपलें गेलें. मागाहून चॅप्लिन त्याची समजूत घालूं लागला, तेव्हां बाप थट्टा करीत होता हें आपणांस ठाऊक होतें, असें त्या मुलानें हळूच त्याच्या कानांत सांगितलें. मुलाचा बापावरील विश्वास किती गाढ असतो, हें यावरून दिसतें. वाचकांनीं हा प्रसंग विसरूं नये.

यानंतर जॅकीकडे कामाचा ओघ सुरू झाला. १९२२ सालीं ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या मूकपटांत त्यानें अनाथ ऑलिव्हरची भूमिका केली. १९२३ सालीं मेट्रो कंपनीनें त्याच्याशीं जो करार केला, त्याची रक्कम दहा लक्ष डॉलरांच्या घरांत होती. त्याचे चित्र छापलेल्या बाहुल्या, लेखनसाहित्य, इतकेंच नव्हे तर शेंगदाण्याच्या लोण्याचे डबेसुद्धां बाजारांत विकले जाऊं लागले. १९२४ सालीं निकट पूर्वेकडील निराश्रित मुलांसाठीं, विशेषतः आर्मेनियन व ग्रीक अनाथांसाठीं, त्याच्या नांवानें मोठी मोहीम काढण्यांत आली. त्यानें अमेरिकेंत व युरोपांत प्रवास करून दहा लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीचें अन्नवस्त्र मिळवून देण्यास साहाय्य केलें. त्या वेळीं त्याचें वय दहा वर्षांचेंही पुरें झालेलें नव्हतें. परक्या मुलांसाठीं एवढें द्रव्य जमविणाऱ्या या मुलाच्या स्वतःच्या हातांत मात्र आठवड्यास सव्वासहा डॉलर खाऊखर्चास पडत.

पुढें मुलगा उंच वाढला. १९२७ सालीं त्याचे प्रसिद्ध लांब केस कापले गेले, व तोही प्रसंग एका चित्रपटाचा विषय झाला. १९३० सालीं ‘टॉम सॉयर’ या बोलपटांत त्यानें काम केलें खरें; परंतु लोकांस हवा होता तो पांच वर्षांचा पोर, आणि तो तर आतां उरलेला नव्हता.

४ मे १९३५ रोजीं त्याच्या आयुष्यावर मोठा घाला पडला. शिकारीहून परत येत असतां सॅन डिएगो परगण्यांत त्यांच्या मोटारीस अपघात झाला. मोटारींतील पांच जणांपैकीं एकटा जॅकी वांचला. त्याचा बाप जागच्या जागीं गेला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तो एकवीस वर्षांचा होऊन कायद्यानें सज्ञान झाला. आपली कमाई आपल्यासाठीं राखून ठेविलेली आहे, अशी त्याची समजूत होती. अदमासें तीस ते चाळीस लक्ष डॉलर त्यानें बालपणीं मिळविले होते. परंतु मालमत्ता सर्व आईच्या हातीं होती, आणि तिनें आतां कुटुंबाच्या आर्थिक सल्लागाराशीं दुसरा विवाह केला होता. मुलाच्या मागणीस नकार मिळाला. अज्ञान मुलाची कमाई ही आईबापांचीच, असा त्या काळीं कॅलिफोर्निया राज्याचा कायदा होता, आणि आईचा पक्ष त्याच कायद्यावर उभा होता.

१९३८ सालीं जॅकीनें आपल्या आईवर व सावत्र बापावर फिर्याद केली. ज्या मुलाचा आईबापांवर एवढा विश्वास, त्यानें न्यायासनापुढें उभें राहून त्यांच्याविरुद्ध बोलावें, यासारखा दुःखद प्रसंग तो कोणता? निकालाअंतीं असें दिसून आलें कीं, त्या प्रचंड संपत्तीपैकीं सुमारें अडीच लक्ष डॉलरच शिल्लक राहिले आहेत. त्यांतून १,२६,००० डॉलर त्याच्या वांट्यास आले.

परंतु या खटल्याचें खरें फळ त्या रकमेंत नव्हतें. लोकमत खवळून उठलें आणि १९३९ सालीं कॅलिफोर्निया राज्यानें बालनटांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यास आजही लोक कूगन कायदा असेंच म्हणतात. मुलाच्या कमाईचा कांहीं भाग त्याच्या नांवें बाजूस ठेवण्याचा हुकूम न्यायाधीशास त्यामुळें देतां येऊं लागला. तथापि त्यांत पळवाटा होत्या. न्यायालयापुढें न आलेल्या करारांस तो लागू पडत नसे. पुढें २००० सालापासून ही उणीव भरून काढण्यांत आली. आतां मुलाची कमाई मुलाचीच मानली जाते व तिचा शेंकडा १५ भाग त्याच्या नांवाच्या विश्वस्त खात्यांत ठेवावाच लागतो. जॅकीस स्वतःस या कायद्यापासून एका कवडीचाही लाभ झाला नाहीं. त्याचें बालपण केव्हांच संपलें होतें.

कीर्ति गेली, द्रव्य गेलें; मग मनुष्यानें काय करावें? जॅकी १९४१ सालीं सैन्यांत शिरला. विमान चालविण्याची विद्या त्यास अवगत असल्यामुळें तो ग्लायडरचा वैमानिक झाला. ग्लायडर म्हणजे यंत्र नसलेलें विमान. दुसऱ्या विमानानें दोरानें तें ओढीत न्यावें व नियोजित ठिकाणीं सोडून द्यावें. या कामगिरीवर तो आपल्या हिंदुस्थानांत आला होता, हें आमच्या पुष्कळ वाचकांस नवलाचें वाटेल. ५ मार्च १९४४ च्या रात्रीं आसामांतील लालाघाट येथून ग्लायडर निघाले व डोंगर ओलांडून जपानी सैन्याच्या पिछाडीस ब्रह्मदेशाच्या अरण्यांत जनरल विंगेट यांचे सैनिक घेऊन उतरले. अंधार, ओंडके आणि खड्डे यांमुळें अनेक ग्लायडर मोडले व पुष्कळ माणसें प्राणांस मुकलीं. त्या मोहिमेंतील वैमानिकांत कूगन होता. तेथें त्याचें जगप्रसिद्ध नांव उपयोगी पडणारें नव्हतें. हात स्थिर असणें एवढेंच आवश्यक होतें.

युद्धाहून परत आल्यावर त्यानें पुन्हां आपला जुना धंदा धरला. परंतु आतां नायकाची जागा त्याच्यासाठीं रिकामी नव्हती. डोकें टकलें झालें होतें, शरीर स्थूल झालें होतें. त्यानें त्याचें वैषम्य मानलें नाहीं. १९५० नंतरच्या दशकांत चित्रपटांत व दूरचित्रवाणीवर मिळतील त्या लहानमोठ्या भूमिका तो करीत राहिला. अशा नटास चरित्रनट म्हणतात. कथा त्याच्याभोंवतीं फिरत नाहीं, पण त्याच्यावांचून ती उभीही राहत नाहीं. १९६४ ते १९६६ या काळांत ‘दि ॲडम्स फॅमिली’ या दूरचित्रवाणीच्या मालिकेंत त्यानें फेस्टर काकांची भूमिका केली. तुळतुळीत डोकें, डोळ्यांभोंवतीं काळीं वर्तुळें, आणि तोंडांत विजेचा दिवा धरतांच तो आपोआप लागतो! एके काळीं ज्यानें आजीआजोबांस रडविलें, त्यानें आतां नातवंडांस हंसविलें. आणि हा तोच मुलगा, हें त्या नातवंडांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल.

‘ऑलिव्हर ट्विस्ट’ हा त्याचा मूकपट नष्ट झाला, असें पुष्कळ वर्षें समजलें जात होतें. १९७० नंतर त्याची एक प्रत युगोस्लाव्हियांत सांपडली. पण तिच्यांतील मजकुराच्या पाट्या नव्हत्या. त्या पुन्हां तयार करण्याच्या कामीं साठीच्या घरांत आलेल्या कूगननें साहाय्य केलें. आठ वर्षांच्या मुलाचे बोल त्या म्हाताऱ्यानें आठवून द्यावे, हा योग किती विलक्षण! १९७२ सालीं चॅप्लिन बहुमानाचें पारितोषिक स्वीकारण्यास लॉस एंजल्सला आला, तेव्हां त्याच्या स्वागतास गेलेल्यांत कूगनही होता. १ मार्च १९८४ रोजीं सँटा मोनिका येथें हृदयविकारानें त्याचें निधन झालें. त्या वेळीं तो ६९ वर्षांचा होता.

आमच्या विद्यार्थिमित्रांनीं या चरित्रांतून एवढें घ्यावें कीं, संमेलनांत मिळालेल्या टाळ्या व वर्गांत मिळालेला पहिला क्रमांक हीं गोड असलीं तरी तीं आयुष्यभर पुरत नाहींत. पुरतें तें काम, आणि लहान कामही मन लावून करण्याची संवय. आणि पालकांस आमची नम्र विनंति अशी कीं, मुलाच्या अंगचा गुण, त्यानें मिळविलेलें पारितोषिक, त्याच्या नांवें आलेला पैसा, हीं सर्व आपल्याजवळ ठेव म्हणून आहेत. ठेव सांभाळणारा मालक नसतो. बाप थट्टा करीत आहे हें त्या पांच वर्षांच्या मुलानें ओळखलें होतें; मोठेपणीं मात्र त्यास तसें म्हणावयास जागा उरली नाहीं. आपल्या घरीं कोणत्याही मुलावर ही पाळी न येवो.