पंडिता रमाबाई व त्यांचे दुष्काळ

पूर्णा नदी गोदावरीस मिळते त्या बाजूच्या खेड्यांत दुष्काळ म्हणजे काय, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. मृग कोरडा गेला, ज्वारीचीं ताटें कणीस धरण्यापूर्वींच माना टाकूं लागलीं, म्हणजे घरांतील कणगी किती दिवस पुरेल हें म्हातारीं माणसें न मोजतां सांगतात. अशा गांवांतील ख्रिस्ती मंडळीस पंडिता रमाबाईंचें नांव ठाऊक असतें, केडगांवचें मुक्तिसदनही ऐकून ठाऊक असतें. परंतु पुष्कळांस वाटतें कीं, त्या मोठ्या विदुषी, परदेशीं जाऊन आलेल्या, त्यांचें आपलें काय जमावें? म्हणून त्यांच्या विद्वत्तेची कथा थोडक्यांत आटोपून, त्यांनीं सोसलेल्या भुकेची कथा येथें सविस्तर सांगावयाची आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृताचे मोठे पंडित. बायकोस देवभाषा शिकवावी हा त्यांचा हट्ट. तो भाऊबंदांस व शास्त्र्यांस रुचला नाहीं, म्हणून त्यांनीं रानांत घर बांधून पत्नी लक्ष्मीबाई यांस तेथें शिकविलें. पुढें विद्यार्थी व यात्रेकरू यांच्या खर्चानें घर बुडालें, आणि रमाबाई कांहीं महिन्यांच्या असतांनाच तें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. त्या तान्ह्या मुलीस वेताच्या पेटाऱ्यांत घालून डोंगराखालीं आणिलें. तेव्हांपासून त्यांस कायमचें घर असें राहिलें नाहीं. देवळांत किंवा नदीकांठीं बसून पुराण सांगावें, ऐकणारे जें तांदूळ, फळ, पैसा वाहतील त्यावर राहावें, मग पुढील क्षेत्रीं जावें, असा क्रम वर्षानुवर्षें चालला. आईनें मुलीस संस्कृत शिकविलें आणि भागवताचे हजारों श्लोक मुलीस मुखोद्गत झाले. मात्र पोट भरण्याचा एकही धंदा त्या मुलांस कोणीं शिकविला नाहीं. अनंतशास्त्री थोर मनाचे होते खरे, पण या एका गोष्टींत त्यांनीं मुलांचा घात केला असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं.

इ. स. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. होता नव्हता तो पैसा देवांस प्रसन्न करण्याकरितां दानधर्मांत गेला होता. भांडीं, दागिने, चांगलीं वस्त्रें विकलीं गेलीं. मजुरी करणें ब्राह्मणपणास कमी, भीक मागण्यास जीभ उचलत नाहीं, अशा स्थितींत तीं पांच माणसें रानांत शिरून झाडपाला खाऊं लागलीं. वृद्ध पित्यानें जलसमाधि घेण्याचा निश्चय केला. तेव्हां थोरला मुलगा श्रीनिवास म्हणाला कीं, जातीचा अभिमान सोडून मी मजुरी करीन, पण तुम्ही प्राण देऊं नका. त्याचें धैर्य खरें, परंतु उशीर झाला होता. अनंतशास्त्री लवकरच उपासानें व तापानें गेले.

थोड्याच महिन्यांनीं हीं माणसें रायचुरास आलीं. तें गांव तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें, जसा आपला परभणी जिल्हा होता. तेथें आईनें अंथरूण धरिलें. तापांत ती अन्न मागूं लागली, आणि घरांत दाणा नाहीं. तेव्हां रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दाराशीं गेल्या. मागावें तर शब्द फुटेना. त्या बाईनें ओळखून बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिला. तो घेऊन त्या धांवत आल्या, परंतु आईच्यानें तो खाववला नाहीं. ती गेली. खांदा देण्यास माणसें पुरेशीं मिळालीं नाहींत; मोठ्या मिनतवारीनें दोघे ब्राह्मण आले, भाऊ तिसरा, आणि चौथी ही मुलगी. ती उंचीनें कमी, म्हणून तिरडीचें टोंक खांद्यावर न घेतां डोक्यावर घेऊन तिनें आईस मैलोगणती दूर असलेल्या स्मशानांत पोंचविलें. त्यानंतर थोरली बहीण कृष्णाबाईही गेली.

वाचकहो, आपल्यांतील कित्येकांच्या आजीपणज्यांनीं अशाच तिरड्या उचलल्या असतील, फरक इतकाच कीं त्या कोणीं लिहून ठेविल्या नाहींत. रमाबाईंनीं त्या लिहून ठेविल्या, हा त्यांचा आपल्यावर उपकार आहे.

राहिलीं दोघें बहीणभाऊ. त्यांनीं दक्षिणेपासून काश्मीरापर्यंत व तेथून बंगाल्यापर्यंत हजारों मैलांची पायपीट केली. पायांत जोडा नाहीं, अंगावर पांघरूण नाहीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडी इतकी कीं, रात्रीं दोघांनीं वाळूंत दोन खड्डे खणून मानेपर्यंत अंगावर वाळू ओढून घेतली. प्रेतासारखें पुरून घेऊन जिवंत राहावें, असे ते दिवस होते. जीं जीं व्रतें सांगितलीं तीं त्यांनीं पाळलीं होतीं, ज्या ज्या तीर्थीं पुण्य म्हणून ऐकलें तेथें स्नान केलें होतें. हळूहळू त्या सर्वांवरील विश्वास उडाला. पण त्याच्या जागीं दुसरें कांहीं आलें नाहीं. जुनी श्रद्धा गेली आणि नवी मिळाली नाहीं, अशा मधल्या पोकळींत माणूस बरीच वर्षें राहूं शकतो. नवीन ख्रिस्ती झालेल्या घरांत काम करणाऱ्या उपदेशकांस हें चांगलें ठाऊक असतें.

इ. स. १८७८ त कलकत्त्यास पंडितांनीं त्यांची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. मान मिळाला, आणि लागलीच १८८० त भाऊ डाक्क्यास पटकीनें गेला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. आसामांत सिल्चर येथें संसार थाटला, १८८१ च्या एप्रिलांत मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पतीही पटकीनेंच गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षीं, कडेवर मूल, मागें कोणी नाहीं. पतीच्या पुस्तकांत त्यांस लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सांपडली होती. ती त्यांनीं आवडीनें वाचिली होती.

पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, आणि वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें १८८३ त इंग्लंदास गेल्या. तेथें कान अधू असल्याचें ठरून वैद्यकीचा मार्ग बंद झाला. म्हणजे ज्याकरितां समुद्र ओलांडिला तेंच हातचें गेलें. वाँटेज येथील ज्या भगिनींच्या आश्रमांत त्या उतरल्या होत्या, त्या भगिनींचें लंडनांतील फुलहम येथें पतित स्त्रियांकरितां एक गृह होतें. तें त्यांनीं पाहिलें. ज्या स्त्रियांकडे सारें जग पाठ फिरवितें त्यांची ह्या बायका मायेनें सेवा करितात, ती कोणत्या बळानें, असें त्यांनीं विचारिलें. तेव्हां त्यांस प्रभूची व शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखविण्यांत आली. त्यांचें मन तेथें वळलें. नीलकंठशास्त्री गोऱ्हे, जे ख्रिस्ती होऊन नेहेम्या झाले, त्यांच्या लिखाणानेंही शंका फिटल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्यानंतर सर्व सुरळीत झालें असें कोणीं समजूं नये. देशांत टीका झाली, आणि भगिनींशींही मतांवरून वाद झाले, कारण न पटलेली गोष्ट मान्य करणें हा त्यांचा स्वभावच नव्हता. अमेरिकेंत मदत मिळवून त्यांनीं ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन काढिलें व पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९३ त, तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जातात म्हणून मोठा गवगवा झाला. सल्लागार मंडळाचे हिंदु सभासद निघून गेले आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. अशा वेळीं संस्था बंद पडती तरी कोणास नवल वाटलें नसतें.

मग १८९६ सालचा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतील हाल ऐकून त्यांस रायचूर आठवलें असलें पाहिजे. हातीं पैसा नव्हता, तरी त्या स्वतः तिकडे गेल्या. वाटेवर व अन्नछत्रांच्या आसपास हाडांचे सांपळे झालेल्या मुली आणि त्यांस फसवून नेण्यास टपलेले लोक, दोन्ही त्यांनीं पाहिलीं. सुमारें तीनशें मुली व बायका त्यांनीं आणिल्या. इतक्यांत पुण्यांत प्लेग. मुलींस शहरांत ठेवतां येईना. सोलापूरच्या लोहमार्गावर केडगांवास फळबागेकरितां घेतलेली जमीन होती. तेथें तंबू व झोपड्या टाकून सर्वांस नेलें. तेंच मुक्तिसदन. १९०० च्या सुमारास गुजराथच्या दुष्काळांतील मुली आल्यावर तेथील संख्या दीड हजारांच्या वर गेली. शारदासदन उच्च वर्णांच्या विधवांकरितां निघालें होतें; भुकेनें ती मर्यादा मोडली, आणि सर्व जातींच्या मुली एकत्र राहूं लागल्या.

तेथें कोणासही केवळ बसवून खाऊं घालीत नसत. विणणें, तेल गाळणें, शेत, दूधदुभतें, शिवण, छापखाना, आंधळ्या मुलींस उठावाच्या अक्षरांनीं वाचन, जिला जें झेपेल तें शिकवीत. ज्या मुलीस तिच्या बापानें श्लोकांवांचून कांहीं शिकविलें नव्हतें, तिनें आपल्या दीड हजार लेकींस धंदे शिकविले! पुढें निजामाच्या राज्यांतही, गुलबर्ग्यास, त्यांनीं शाळा काढिली.

वृद्धपणीं त्यांनीं इब्री व हेल्लेणी भाषा शिकून सर्व पवित्र शास्त्र मराठींत उतरविण्याचें काम घेतलें. अल्प शिकलेल्या बायकांस कळेल अशी सोपी मराठी वापरावयाची, हा त्यांचा आग्रह होता. मंडळ्यांत चालणाऱ्या भाषांतराची जागा त्यांच्या भाषांतरानें घेतली नाहीं, हें खरें. तरी त्यांतील श्रम पाहून मन थक्क होतें. काम चालूं असतांच १९२१ च्या जुलैंत मनोरमा वारली. जिच्या हातीं सर्व सोपवावयाचें ती एकुलती एक मुलगी गेली. रमाबाई त्या वेळीं त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनीं जवळजवळ बहिऱ्या. त्यांनीं दुःख गिळलें आणि मुद्रितें तपासण्यास पुन्हा बसल्या.

५ एप्रिल १९२२ रोजीं पहाटे त्या झोंपेंतच प्रभूकडे गेल्या. मुक्तीच्या छापखान्यांत खिळे जुळविणाऱ्या बहुतेक बायकाच, आणि त्यांतील कित्येक दुष्काळांत उचलून आणिलेल्या. त्यांनीं काम पुढें चालविलें, आणि १९२४ त संपूर्ण शास्त्र बांधून बाहेर पडलें.