पोलादाच्या पोटात डोकावणारे सोर्बी

कुंपणाची तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की आधी ताठर होते आणि मग तुटते, हे नसरापूर-वेल्ह्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर ठोकून कडक झालेलं तांबं तापवून पुन्हा मऊ करतो. असं का होतं, याचा धागा सापडला तो इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री क्लिफ्टन सोर्बी यांना.

जन्म १८२६ चा. घरात पोलादी अवजारं बनवण्याचा धंदा. १८४७ मध्ये वडील वारले, पण खाऊनपिऊन सुखी राहण्याइतका पैसा मागे होता. विद्यापीठाची पदवी नव्हती आणि नोकरीची गरजही नव्हती. सोर्बी खडकाचे कागदाहून पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरत. डोंगर बघायला भिंग कशाला, म्हणून लोक हसत.

१८६३ मध्ये त्यांनी पोलाद हाती घेतलं. यातून उजेड आरपार जात नाही. मग तुकडा आरशासारखा घासायचा, सौम्य नायट्रिक आम्लाचा हात फिरवायचा आणि प्रकाश वरून पाडायचा. दिसले ते एकमेकांना चिकटून बसलेले स्फटिकांचे कण. पुढच्याच वर्षी बाथच्या परिषदेत त्यांनी छायाचित्रं मांडली, पण पोलादवाल्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. जवळजवळ २० वर्षं काम पडून राहिलं. दरम्यान सोर्बींनी सूक्ष्मदर्शकाला वर्णपटदर्शक जोडून रक्ताचा बारीकसा डाग ओळखण्याची रीत बसवली. डॉक्टरांनी त्यांचं नाव लक्षात ठेवावं ते यासाठीही.

१८८७ च्या निबंधात त्यांनी नेमकी गोष्ट सांगितली. थंड लोखंड ठोकलं की कण चेपून लांबट होतात. तेच पुरेसं तापवलं की चेपलेल्या कणांच्या जागी नवे, सुटसुटीत कण तयार होतात. धातू मऊ होतो तो त्यामुळे.

सोर्बी १९०८ मध्ये वारले. आज हाड सांधायची पोलादी पट्टी थंड अवस्थेतच दाबून-ताणून मुद्दाम कडक केलेली असते. हाडाभोवती आवळायची तार मात्र तापवून मऊ केलेली. म्हणून शल्यचिकित्सक पट्टीला हाडाचा बाक देताना जपून वाकवतात. एकदा वाकवलेली पट्टी त्याच जागी उलटी वाकवली, तर हाड जुळण्याआधीच ती तिथे मोडू शकते, आणि रुग्णाला दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावं लागतं.