घुमट चढविणारा सोनार : फिलिप्पो ब्रुनेलेस्की

अंबरनाथचें शिवालय आमच्या शाळेंतील बहुतेक मुलांनीं पाहिलेलें आहे. वालधुनी नदीच्या कांठचें हें देऊळ शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० मधील, शिलाहार राजांच्या काळचें. त्याच्या शिखराचा माथा आज नाहीं. पायऱ्या उतरून गाभाऱ्यांत उभें राहावें व मान वर करावी, तों डोळ्यांस आकाश दिसतें. तेथील शिलालेखांत राजाचें नांव आहे. परंतु एवढ्या जड शिळा ज्या दोरांनीं व ज्या साधनांनीं वर चढविल्या त्यांची हकीकत कोणी लिहून ठेविलेली नाहीं. युरोपांतील एका शहरांत मात्र असाच उघडा राहिलेला एक माथा ज्या पुरुषानें झांकला, त्याची आणि त्याच्या ओझें उचलण्याच्या यंत्राची हकीकत पुष्कळशी उपलब्ध आहे. तीच आम्ही वाचकांस सांगणार आहों.

या पुरुषाचें नांव फिलिप्पो ब्रुनेलेस्की. त्याचा जन्म इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं इ. स. १३७७ मध्यें झाला. त्याचा बाप दस्तऐवज लिहिणारा प्रतिष्ठित लेखक होता, आणि मुलानेंही तोच धंदा करावा अशी त्याची इच्छा होती. पण मुलाचें चित्त कागदांत रमेना. त्याचे हात कांहींतरी घडविण्यास शिवशिवत. बाप समंजस होता. त्यानें हट्ट न धरतां फिलिप्पोस एका सोनाराच्या हाताखालीं ठेविलें. तेथें तो धातू ओतण्यास, ठोकण्यास व नकशी करण्यास शिकला. पूर्वींच्या चरित्रकारांच्या सांगण्याप्रमाणें तरुणपणीं त्यानें घड्याळेंही तयार केलीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. कारण घड्याळ म्हणजे लहानमोठ्या दंतचक्रांचा मेळ. एक चाक भरभर फिरत असतां दुसरें सावकाश कसें फिरवावें, हें ज्यास तेथें उमगलें, त्यास तें पुढें मोठ्या कामांतही उपयोगीं पडलें.

इ. स. १४०१ मध्यें फ्लॉरेन्सच्या बाप्तिस्मागृहासाठीं कांशाचीं दारें करवून घेण्याचें ठरलें व त्याकरितां चढाओढ लावण्यांत आली. विषय होता जुन्या करारांतील अब्राहाम आपला पुत्र इसहाक यास अर्पण करावयास निघतो तो प्रसंग. शेवटपर्यंत दोन नांवें टिकलीं : ब्रुनेलेस्की व लोरेन्झो गिबेर्टी. काम गिबेर्टीस मिळालें. दोघांचेही नमुने आज फ्लॉरेन्सच्या बार्जेल्लो संग्रहालयांत शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात, आणि कोणता सरस याविषयीं जाणत्यांचें अद्याप एकमत नाहीं. ब्रुनेलेस्कीच्या मनास ही गोष्ट फार लागली. तो आपला मित्र, शिल्पकार दोनातेल्लो, यास घेऊन रोमला गेला, आणि तेथील पडक्या प्राचीन इमारतींचीं मापें घेत हिंडूं लागला. लोक त्या दोघांस पुरलेलें धन शोधणारे समजत, अशी आख्यायिका आहे. आमच्या मतें लोकांची समजूत अगदींच चुकीची नव्हती.

आतां त्या उघड्या माथ्याकडे वळूं. फ्लॉरेन्सचें मुख्य मंदिर बांधण्यास इ. स. १२९६ मध्यें प्रारंभ झाला होता. एका पिढीनें भिंती उभारिल्या, दुसरीनें खांब उभारिले, तिसरीनें अठकोनी जोतें वर नेलें. पण त्यावर घुमट कसा चढवावा हें कोणासच ठाऊक नव्हतें. विजापूरचा गोल घुमट ज्यांनीं पाहिला असेल त्यांस कल्पना येईल. तो इ. स. १६५६ चा; त्याच्याही आधीं दोनशें वर्षें, आणि त्याहूनही रुंद, म्हणजे सुमारें ४२ ते ४५ मीटर रुंदीची ही पोकळी झांकावयाची होती, आणि तीही जमिनीपासून ५० मीटरांहून अधिक उंचीवर. कमान बांधतांना खालीं लांकडी सांगाडा उभारावयाचा ही रीत; परंतु एवढ्या रुंद पोकळीखालीं सांगाडा उभारावयाचा तर तेवढें लांकूड आणावयाचें कोठून?

इ. स. १४१८ मध्यें शहरानें जाहीर केलें कीं, जो कोणी यावर उपाय सुचवील त्यास २०० सुवर्णमुद्रा बक्षीस मिळतील. ब्रुनेलेस्की पुढें आला व सांगाड्यावांचून घुमट बांधतों म्हणाला. लोक हंसले. अंडें टेबलावर उभें करून दाखविण्याची जी प्रसिद्ध गोष्ट आहे ती याच प्रसंगाची म्हणून सांगतात. पण तीच गोष्ट कोलंबसाच्याही नांवावर चालते, तेव्हां तिच्यावर आम्ही फारसा भरंवसा ठेवीत नाहीं. पंचांनीं अखेर इ. स. १४२० मध्यें त्यास नेमिलें खरें, पण एकट्यास नव्हे. त्याच्या बरोबरीनें, त्याच पगारावर, गिबेर्टीसही नेमिलें! दारांच्या वेळीं हरविणारा माणूस पुनः शेजारीं येऊन बसला.

घुमट दुहेरी आहे; आंतला जाड, बाहेरचा पातळ, मध्यें चढण्यास वाट. विटा अशा तिरप्या खेवणींत बसविल्या आहेत कीं, ओल्या चुन्यावरही त्या घसरूं नयेत. पिंपास जसे लोखंडी पट्टे घालतात तसे घुमटाभोंवतीं दगडांचे व लांकडाचे कडेच घातले आहेत. या विद्येवर विद्वानांनीं मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत, म्हणून आम्ही तिचा विस्तार करीत नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळें. युक्ति कितीही उत्तम असली तरी दगड, विटा व चुना वर पोहोंचल्यावांचून घुमट होत नाहीं. या घुमटास चाळीस लाखांहून अधिक विटा लागल्या असाव्या असा अंदाज आहे. शिवाय तुळयांएवढे दगड निराळेच. तोंवर देवळाच्या कामावर जें साधन होतें तें म्हणजे पिंजऱ्यासारखें मोठें चाक. त्याच्या आंत माणसें चालत व दोर गुंडाळला जाई. तेवढ्यानें हें काम होणें शक्य नव्हतें.

येथें वाचकांस मोटेची आठवण करून देणें जरूर आहे. आज मोट कोठें चालतांना दिसत नाहीं. पण घरीं आजोबा असतील तर त्यांस विचारावें. बैल धावेवरून खालीं उतरले कीं पाण्यानें भरलेली मोट वर येई. ती थारोळ्यांत रिकामी झाली कीं बैलांस पाठमोरें मागें सरावें लागे, तेव्हां मोट पुनः विहिरींत जाई. बिचाऱ्या बैलाची निम्मी चाल मागें सरण्यांत जाई. रहाटाचें तसें नसे. तेथें बैल गोल फिरतो, आडव्या चाकाचे दांते उभ्या चाकाच्या दांत्यांत अडकतात, आणि गाडग्यांची माळ एकाच दिशेनें फिरत राहते. परंतु ओझें उचलण्याच्या यंत्रास रहाटाची सोय पुरत नाहीं. कारण दोर वर गेला पाहिजे व खालींही आला पाहिजे. मग दर खेपेस बैल सोडावे, तोंड फिरवून पुनः जुंपावे, असें दिवसांतून किती वेळां करावयाचें?

ब्रुनेलेस्कीनें इ. स. १४२०-२१ च्या सुमारास जें यंत्र उभें केलें त्यांत बैलास तोंड फिरवावें लागत नसे. त्याची रचना अशी. मध्यभागीं एक उभा खांब. त्यास आडवा दांडा जोडून बैल त्याभोंवतीं फिरत. या खांबावर दोन आडवीं दंतचक्रें, एक वर व एक खालीं. त्या दोहोंच्या मध्यें, दोर गुंडाळण्याच्या रुळाच्या टोकास बसविलेलें एक उभें दंतचक्र. आडव्या चक्रांमधील अंतर असें ठेविलें होतें कीं, एका वेळीं त्यांपैकीं एकच उभ्या चक्रास लागावें. खांबाच्या बुडाशीं मोठें मळसूत्र होतें. तें फिरवून खांब किंचित् उचलला कीं खालचें चक्र उभ्या चक्राच्या बुडाशीं लागे. खांब किंचित् खालीं सोडला कीं वरचें चक्र त्याच्या माथ्याशीं लागे. बैल त्याच दिशेनें, त्याच चालीनें चालत राही. रूळ मात्र एकदां उजवा व एकदां डावा फिरे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस हें पटणार नाहीं त्यांनीं पुठ्ठ्याचीं तीन चाकें कापून पाहावीं.

हें झालें दिशेचें. गतीचीही सोय त्यानें त्याच यंत्रांत केली. जाड रुळावर दोर गुंडाळला तर एका फेऱ्यांत पुष्कळ दोर ओढला जातो, ओझें भरभर चढतें, परंतु बैलास जोर फार लागतो. बारीक रुळावर गुंडाळला तर ओझें सावकाश चढतें, पण तोच बैल कितीतरी अधिक भार उचलतो. रुळाचा घेर एक तृतीयांश केला तर भार तिप्पट उचलेल, आणि वेळही तिप्पट लागेल. घर्षणांत जें जाईल तें निराळें. दोन्ही लाभ एकदम मिळत नाहींत, हा निसर्गाचा व्यवहार आहे व त्यांत कोणास सूट नाहीं. ब्रुनेलेस्कीनें रुळांचे घेर निरनिराळे ठेविले, आणि एक रूळ लहान दंतचक्राच्या द्वारें आणखी सावकाश फिरेल असा जोडला. अशा रीतीनें तीन गती मिळाल्या : हलक्या ओझ्यास एक, मध्यम ओझ्यास दुसरी, प्रचंड दगडास तिसरी. गिअरची सायकल घेऊन चढण चढणारा मुलगा हेंच करितो. बदलापूर व अंबरनाथ येथें नव्या उंच इमारतींवर ज्या याऱ्या दिसतात, त्यांत बैलाच्या जागीं विजेची मोटर आली आहे. पण जड ओझें हळू चढावें व रिकामा आंकडा झरझर खालीं यावा, ही गरज तीच आहे.

दांते एकमेकांवर घांसून झिजूं नयेत म्हणून त्यांवर फिरते तुकडे बसविलेले होते. दोर पिसा येथील जहाजें बांधणाऱ्यांकडून आणविला. त्याची लांबी सुमारें १८० मीटर होती असें सांगतात. या शोधाबद्दल मंदिराच्या कारभाऱ्यांनीं त्यास १०० सुवर्णमुद्रा दिल्या, आणि यंत्र पुढें दहा वर्षांहून अधिक काळ चाललें. वर पोहोंचलेला दगड इंचाइंचानें सरकवून जागेवर बसविण्यासाठीं इ. स. १४२३ मध्यें त्यानें माथ्यावर आणखी एक यारी उभारिली, तिच्यांत मळसूत्रें व समतोल राखणारें वजन होतें.

गिबेर्टीचें काय झालें? असें सांगतात कीं, ब्रुनेलेस्की एकदां आजारी पडून घरीं निजला. खरोखर आजारी होता कीं नाहीं हें त्याचें त्यास ठाऊक. गवंडी गिबेर्टीकडे गेले, आणि पुढें काय करावयाचें हें त्यास सांगतां येईना. इ. स. १४२६ पर्यंत ब्रुनेलेस्कीचा पगार सालीना ३६ सुवर्णमुद्रांवरून १०० वर गेला. यंत्रावरून उठलेली भांडणें मात्र संपलीं नाहींत, आणि त्यांत सर्व दोष दुसऱ्यांचा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. तो फार संशयी होता. आपली कल्पना दुसरा चोरील या भीतीनें तो आराखडे कोणास दाखवीत नसे. ताक्कोला नांवाच्या एका यंत्रज्ञासही त्यानें हाच उपदेश केला कीं, आपले शोध चारचौघांत बोलूं नयेत.

सर्व कामांत त्यास यश आलें असेंही नाहीं. संगमरवर वाहून आणण्यासाठीं त्यानें एक मोठी नौका बांधिली व इ. स. १४२१ मध्यें तिच्यावर तीन वर्षांचा एकाधिकार मिळविला. इ. स. १४२८ मध्यें ती नौका सुमारें १०० टन पांढऱ्या संगमरवरासह आर्नो नदींत बुडाली, आणि नुकसान त्याच्याच पदरीं आलें. दोन वर्षांनीं शत्रूचें शहर लुक्का पाण्यांत बुडविण्यासाठीं त्यानें बांध घातला, तों पाणी उलट फ्लॉरेन्सच्याच छावणींत शिरलें. इ. स. १४३४ मध्यें गवंड्यांच्या संघाची वर्गणी भरली नाहीं म्हणून त्यास तुरुंगांतही टाकिलें. मंदिराच्या कारभाऱ्यांनीं खटपट करून थोड्याच दिवसांत त्यास सोडविलें. घुमट अपुरा आणि बांधणारा कोठडींत, ही स्थिति त्यांस परवडणारी नव्हती!

याच काळांत त्यानें फ्लॉरेन्समध्यें टाकून दिलेल्या बालकांसाठीं एक अनाथगृह बांधण्यास घेतलें होतें. त्याच्या कमानींची ओळ आजही उभी आहे.

इ. स. १४३६ मध्यें घुमट पुरा झाला. त्या वर्षीं २५ मार्च रोजीं पोप चौथे यूजीन यांच्या हस्तें मंदिराचा अर्पणविधि झाला. एकशें चाळीस वर्षें उघडें राहिलेलें मंदिर झांकलें गेलें. घुमटाच्या माथ्यावरील संगमरवरी कळसाचेंही काम चढाओढींत त्यालाच मिळालें. परंतु त्या कामास हात लागतो न लागतो तोंच १५ एप्रिल १४४६ रोजीं त्याचा अंत झाला. शहरानें त्यास त्याच मंदिरांत पुरलें. मृत्युलेखांत घुमटाबरोबर त्याच्या यंत्रांचाही मोठ्या गौरवानें उल्लेख आहे. थडग्याची नेमकी जागा लोक विसरून गेले होते, ती इ. स. १९७२ मध्यें सांपडली.

कळस इ. स. १४६१ मध्यें पुरा झाला. त्यावरील तांब्याचा गोळा इ. स. १४७१ मध्यें वेर्रोक्किओ या शिल्पकाराच्या कारखान्यानें चढविला, आणि त्या कारखान्यांत त्या वेळीं लिओनार्दो दा व्हिंची नांवाचा एक तरुण उमेदवारी करीत होता. ब्रुनेलेस्कीचीं यंत्रें त्यानें आपल्या वहींत काढून ठेविलीं. ताक्कोलाच्या वहींतही बैलयंत्राचें चित्र आहे. स्वतः ब्रुनेलेस्कीच्या हातचा एकही आराखडा उरलेला नाहीं. या यंत्रांचीं आणखी चित्रें ज्या एका वहींत सांपडतात, ती बोनाकोर्सो गिबेर्टीची. हा बोनाकोर्सो म्हणजे लोरेन्झो गिबेर्टीचा नातू.