डॉ. वाइझमन : मिळालेले राष्ट्र आणि राहिलेला शेजारी

२ नोव्हेंबर १९१७ रोजी ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी लॉर्ड रॉथशिल्ड यांना एक पत्र पाठविले. मूळ इंग्रजीत त्यातील जाहीरनामा अवघ्या ६७ शब्दांचा होता; परंतु इतक्या थोड्या शब्दांतून इतका दीर्घ कलह क्वचितच निर्माण झाला असेल. पॅलेस्टाइनमध्ये यहुदी लोकांसाठी राष्ट्रीय गृह स्थापन करण्यास ब्रिटिश सरकार अनुकूल असल्याचे त्यात म्हटले होते. तेथील बिगर-यहुदी जमातींच्या नागरी व धार्मिक हक्कांना बाध येणार नाही, अशी पुस्तीही जोडलेली होती. या जमाती म्हणजे तेथील लोकसंख्येचा सुमारे नऊ-दशांश भाग. पण त्यांचे नाव पत्रात नव्हते आणि त्यांच्या राजकीय हक्कांचा उल्लेखही नव्हता. हे पत्र मिळविण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, त्या डॉ. चाइम वाइझमन यांचे असामान्य यश या पत्रात आहे आणि त्या यशातील उणीवही त्यातच आहे.

यहुदी लोकांचे या भूमीशी असलेले नाते इतिहासाला नाकारता येत नाही. इ. स. पूर्व ५८६ मध्ये बॅबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले. पुढे इराणच्या सायरसने परतीची वाट खुली केली आणि मंदिर पुन्हा उभे राहिले. इ. स. ७० मध्ये रोमनांनी तेही पाडले. इ. स. १३५ मध्ये शेवटचे मोठे बंड मोडल्यावर यहुद्यांना जेरुसलेममध्ये पाऊल टाकण्याचीही बंदी झाली. त्यानंतर अनेक शतके हा समाज देशोदेशी विखुरलेला राहिला, पण त्याच्या प्रार्थनेतून जेरुसलेम गेले नाही. दरम्यान ती भूमी काही ओस पडली नव्हती. रोमनांनंतर बायझंटाइन, अरब, धर्मयोद्धे, मामलुक आणि १५१७ पासून चारशे वर्षे ऑटोमन तुर्क असे राज्यकर्ते आले आणि गेले. शेतकरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसत राहिला. एकाचा हक्क स्मृतीचा आणि दुसऱ्याचा वहिवाटीचा, असा हा पेच आहे. वाइझमन यांनी पहिला हक्क जगाला पटवून दिला. दुसऱ्याचे वजन मात्र त्यांच्या तराजूत कधी पुरते पडले नाही.

त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८७४ रोजी रशियन साम्राज्यातील पिन्स्कजवळच्या मोटल या लहानशा गावी झाला. वडील इमारती लाकडाचे व्यापारी. पंधरा अपत्यांपैकी चाइम तिसरे. झारच्या राज्यात यहुद्यांनी कोठे राहावे, काय शिकावे यावर कडक निर्बंध होते. १८८१ नंतर तर यहुद्यांच्या वस्त्यांवर हल्ल्यांची लाटच उसळली. अशा वातावरणात वाढलेल्या या मुलाने अकराव्या वर्षी आपल्या शिक्षकाला लिहिलेल्या पत्रात स्वभूमीकडे परतण्याचा ध्यास व्यक्त केला आणि इंग्लंडकडून साहाय्याची आशाही बोलून दाखविली. ती इंग्लंडवरची श्रद्धा साठ वर्षे टिकली. जर्मनी व स्वित्झर्लंड येथे रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन १८९९ मध्ये ते डॉक्टरेट झाले आणि १९०४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात दाखल झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनने यहुद्यांना पूर्व आफ्रिकेत वसाहतीसाठी प्रदेश देऊ केला होता. झिओनिस्ट चळवळीचे प्रवर्तक थिओडोर हर्झल यांनी तो प्रस्ताव विचारार्थ मांडला. वाइझमन यांनी त्याला विरोध केला. १९०६ मध्ये बाल्फोर यांच्याशी भेट झाली तेव्हा, पॅलेस्टाइनची जागा दुसरा कोणताही प्रदेश का घेऊ शकत नाही हे त्यांनी समजावून सांगितले. लंडनच्या बदल्यात पॅरिस मिळाले तर इंग्रज माणूस ते स्वीकारील काय, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. बाल्फोर यांच्या मनावर त्याचा खोल ठसा उमटला. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी लागणारे ॲसिटोन जंतूंच्या साहाय्याने आंबवण्याच्या क्रियेतून मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची पद्धत वाइझमन यांनी सरकारला दिली आणि मंत्रिमंडळाची दारे त्यांना उघडली. तथापि जाहीरनामा हे या शोधाचे बक्षीस होते, ही निव्वळ आख्यायिका होय. सुएझच्या रक्षणाची चिंता आणि अमेरिका व रशिया येथील यहुदी लोकमत अनुकूल करून घेण्याची निकड हीच ब्रिटनची खरी कारणे होती. साम्राज्याची ती गरज अचूक ओळखण्यातच वाइझमन यांचे मुत्सद्देपण दिसते.

या निर्णयाविरुद्ध मंत्रिमंडळात आवाज उठविणारे दोघेही हिंदुस्थानशी निगडित होते, हा योगायोग लक्षणीय आहे. २० ऑगस्ट १९१७ रोजी हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा करणारे भारतमंत्री एडविन माँटेग्यू स्वतः यहुदी होते. यहुद्यांसाठी वेगळे राष्ट्रीय गृह मान्य केले तर आपापल्या देशातील यहुदी नागरिक परके ठरतील, असा त्यांचा आक्षेप होता. अखेरचा निर्णय झाला तेव्हा ते हिंदुस्थानच्या वाटेवर होते. दुसरे लॉर्ड कर्झन. बंगालची फाळणी करताना ज्यांनी लोकमताची पर्वा केली नाही, त्याच कर्झननी पॅलेस्टाइनमधील विद्यमान रहिवाशांचे काय होणार, हा प्रश्न विचारला. त्याचे उत्तर कोणीही दिले नाही.

वाइझमन अरबांशी बोललेच नाहीत, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९१८ मध्ये ते अकाबाजवळ अमीर फैझल यांना भेटले आणि ३ जानेवारी १९१९ रोजी लंडनमध्ये दोघांनी सहकार्याच्या करारावर सह्या केल्या. अरबांना स्वातंत्र्य मिळाले तरच आपण बांधील राहू, अशी अट फैझल यांनी स्वहस्ते लिहिली होती. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी त्यांना दमास्कसमधून हुसकावले आणि करार निकालात निघाला. पण त्याचे वैगुण्य याहून मूलगामी होते. फैझल हे हेजाझचे राजपुत्र. पॅलेस्टाइनच्या शेतकऱ्याने वा नागरिकाने त्यांना आपला मुखत्यार नेमलेले नव्हते. खुद्द पॅलेस्टाइनमधील अरबांचे शिष्टमंडळ मुसा काझिम अल-हुसैनी यांच्या नेतृत्वाखाली लंडनला आले असता, नोव्हेंबर १९२१ मध्ये वसाहत खात्याने त्यांची व वाइझमन यांची गाठ घालून दिली. तेथे वाइझमन ताठरपणे वागले आणि बैठक निष्फळ ठरली. नवी शेती, नवे उद्योग, वाढती समृद्धी यांमुळे अरबांचा विरोध आपोआप मावळेल, अशी त्यांची समजूत होती. स्वराज्याची आकांक्षा भाकरीने भागत नाही, हे सत्य स्वतः राष्ट्रवादी असलेल्या या पुरुषाच्या ध्यानी येऊ नये, ही मोठी विसंगती होय.

१९२२ च्या शिरगणतीत पॅलेस्टाइनच्या सुमारे ७ लाख ५७ हजार लोकसंख्येत यहुदी ८४ हजारांच्या आत होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर चित्र पालटले. एकट्या १९३५ साली ६० हजारांहून अधिक यहुदी तेथे आले. पुढच्या वर्षी अरबांचा उठाव सुरू झाला. जुलै १९३७ मध्ये पील आयोगाने फाळणी सुचविली. लॉर्ड पील माजी भारतमंत्री होते आणि आयोगातील फाळणीचे मुख्य प्रतिपादक रेजिनाल्ड कूपलंड पुढे हिंदुस्थानच्या घटनाप्रश्नाचेही भाष्यकार झाले. वाइझमन फाळणीचे तत्त्व मान्य करण्यास तयार होते. अरब नेत्यांनी ते फेटाळले. १९३९ च्या श्वेतपत्रिकेने येत्या पाच वर्षांत केवळ ७५ हजार यहुद्यांना प्रवेश देऊ केला. युरोपात मृत्यू दाराशी उभा असताना जगाची बहुतेक दारे बंद होती. साठ लाख यहुदी मारले गेले. वाइझमन यांचा धाकटा मुलगा ब्रिटिश हवाई दलात लढताना १९४२ मध्ये नाहीसा झाला.

इंग्लंडवरील श्रद्धेची किंमत त्यांना स्वजनांतही मोजावी लागली. यहुदी बहुमताचा आग्रह आवश्यक नाही अशा आशयाच्या विधानामुळे १९३१ मध्ये त्यांचे झिओनिस्ट संघटनेचे अध्यक्षपद गेले. चार वर्षांनी ते परत मिळाले. १९४६ च्या बाझल अधिवेशनात यहुदी दहशतवादाचा कठोर निषेध करून ते पुन्हा पायउतार झाले. तरीही नोव्हेंबर १९४७ मध्ये, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, त्यांनी अध्यक्ष ट्रूमन यांची भेट घेऊन नेगेव्हचा प्रदेश नियोजित यहुदी राज्यात ठेवण्यासाठी त्यांचे मन वळविले. १४ मे १९४८ रोजी इस्राएलची घोषणा झाली तेव्हा ते न्यूयॉर्कमध्ये होते. घोषणापत्रावर त्यांची सही नाही; नंतरही ती करू दिली गेली नाही. १९४९ मध्ये ते पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. पण सत्ता बेन गुरियन यांच्या हाती होती. ९ नोव्हेंबर १९५२ रोजी रेहोवोत येथे त्यांचे निधन झाले.

त्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरब निर्वासित झाले. दोन हजार वर्षांचे एक निर्वासन संपताना दुसऱ्याचा आरंभ झाला. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात वाइझमन यांनी, यहुदी राज्य अरबांशी कसे वागते यावरून जग त्याची पारख करील, असा निर्वाळा दिला. ही जाण त्यांना आली, पण कृतीची वेळ निघून गेल्यावर. १९६७ चे युद्ध, १९९३ चा ऑस्लो करार, २०२३ मधील हमासचा भीषण हल्ला आणि त्यानंतर गाझात झालेला संहार या साऱ्यांतून तोच अनुत्तरित प्रश्न डोके वर काढतो. यहुद्यांना भूमी हवी होती, हे न्याय्यच होते. बलाढ्य राज्याच्या पाठिंब्यावर ती मिळविताही येते. परंतु तिच्यावर सुखाने नांदायचे तर शेजाऱ्याची संमती लागते, आणि ती लंडन वा वॉशिंग्टन येथे मिळत नाही. वाइझमन यांच्यासारख्या थोर मुत्सद्द्यालाही जे साधले नाही ते साधल्यावाचून त्या भूमीला शांतता लाभणार नाही.