बाळाआधी आईकडे पाहणारा डॉक्टर

बाळ दूध घेत नाही, झोपत नाही, सारखे रडते, अशा तक्रारी घेऊन लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन बालरुग्णालयात आया येत. डॉ. डोनाल्ड विनिकॉट यांची तपासणीची खोली मोठी होती. दारापासून टेबलापर्यंत येणाऱ्या आईचा चेहरा कसा आहे, तिने बाळाला कसे धरले आहे, हे ते तेवढ्या वेळात टिपून घेत. १९२३ मध्ये या रुग्णालयात रुजू झालेले विनिकॉट तिथे सुमारे ४० वर्षे काम करत राहिले.

त्यांचा जन्म १८९६ चा, इंग्लंडमधील प्लिमथचा. वडील सधन व्यापारी आणि दोनदा शहराचे महापौर. घरात कशाची वाण नव्हती, पण आई अनेकदा खिन्न असे. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी विनिकॉट यांनी आईच्या या उदासीवर कविता लिहिली. तिला हसवत ठेवणे हेच लहानपणी आपले काम होऊन बसले होते, ही सल त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

बालरोगतज्ज्ञ असतानाच ते मनोविश्लेषणाकडे वळले. आईच्या मांडीवरच्या बाळासमोर ते घसा तपासायची चकचकीत धातूची पट्टी ठेवत. बाळ पट्टीकडे हात नेई, थबके, मोठ्यांच्या चेहऱ्यांचा अंदाज घेई आणि मग ती तोंडात घाली. काही बाळे मात्र थबकली की थबकलेलीच राहत. या निरीक्षणांवरचा त्यांचा लेख १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळाचा विचार आईला वगळून करताच येत नाही, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र ठरले.

१९५६ मध्ये त्यांनी आणखी पुढचा मुद्दा मांडला. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाईचे मन हळूहळू बाळाकडे पूर्ण ओढले जाते आणि बाळंतपणानंतरही काही आठवडे तसेच राहते. त्यामुळेच बाळाची भूक, भीती, कंटाळा तिला न सांगता कळतो. पण त्यासाठी तिला निश्चिंतपणा हवा. ती घोर चिंतेत किंवा नैराश्यात असेल, तर हे गुंतणे अवघड होते. म्हणून बाहेरची काळजी नवऱ्याने आणि घरच्यांनी अंगावर घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतरही बीबीसी रेडिओवरून ते आयांशी बोलत. आई परिपूर्ण असण्याची गरज नाही, पुरेशी चांगली असली तरी बाळ नीट वाढते, हा दिलासा त्यांनी दिला.

त्यांच्या हाती निरीक्षणाखेरीज फारशी साधने नव्हती. १९७१ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. मोजमापे नंतर आली. १९९१-९२ मध्ये ब्रिस्टल परिसरातील हजारो गर्भवतींची नोंद करून त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला गेला. गर्भारपणाच्या उत्तरार्धात फार चिंतेत असलेल्या स्त्रियांच्या मुलांमध्ये चौथ्या वर्षी भावनिक व वर्तनाच्या अडचणी अधिक आढळल्या. तरीही अशा बहुतेक मुलांना काहीच त्रास नव्हता, हेही तितकेच महत्त्वाचे. आईच्या रक्तातील कॉर्टिसॉल या तणावाच्या संप्रेरकाचा बराचसा भाग वारेतच निष्क्रिय होतो. तीव्र ताणात हे संरक्षण कमी पडत असावे, असे संशोधकांना वाटते. २०१६ मध्ये स्पेनमधील अभ्यासात पहिलटकरणींच्या मेंदूत गर्भारपणामुळे झालेले बदल एमआरआयवर दिसले आणि ते दोन वर्षांनंतरही टिकून होते. विनिकॉट यांनी वर्णन केलेल्या मनःस्थितीला शरीराचाही आधार असावा, असे त्यातून दिसते.

गर्भवतीला ताण घेऊ नकोस असे नुसते बजावले, तर तिच्या चिंतेत अपराधीपणाची भर पडते. तिला कशाचा घोर लागला आहे ते विचारावे, कामाचा भार वाटून घ्यावा. उदासी किंवा भीती दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना दाखवावे. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर क्षणभरही थांबू नये. बाळाची काळजी आईला सांभाळण्यापासून सुरू होते, हे विनिकॉट यांनी आयुष्यभर सांगितले.